‘टाटांची वीज’ : स्वदेशी, मालकी आणि मुळशी

आपल्या भाषेत वीज दोन प्रकारची आहे. एक पडते, कडाडते, चमकते. दुसरी येते, जाते आणि बिल थकले तर तोडली जाते. पहिल्या विजेला मालक नाही. दुसरी मात्र मालकाच्या नावाशिवाय ओळखलीच जात नाही. मुंबईत जुनी माणसे ‘बेस्टची वीज’, ‘टाटांची वीज’ असे म्हणत आली. उर्वरित महाराष्ट्रात ती पुष्कळ वर्षे ‘बोर्डाची वीज’ होती. मावळात आणि मुळशीत धरणालाही गावाचे वा नदीचे नाव लागण्याऐवजी ‘टाटांचे धरण’ असेच म्हणण्याचा प्रघात आहे. व्याकरणात षष्ठी विभक्ती संबंध दाखवते, आणि हा संबंध नेहमीच मालकीचा असतो असे नाही. ‘रामाचे घर’ आणि ‘रामाचा आजार’ या दोहोंतली षष्ठी रूपाने सारखीच. ‘टाटांची वीज’ या शब्दप्रयोगातली षष्ठी नेमकी कशाची होती? मालकीची, अभिमानाची, की एका जुन्या दुखण्याची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यायचा आहे.

विषय अर्थशास्त्राचा वाटेल. परंतु ‘स्वदेशी’ या शब्दाचा अर्थ ज्यांना ठरवायचा आहे, त्यांना केवळ निबंधमालेच्या किंवा ‘केसरी’च्या अंकांत थांबून चालणार नाही. या शब्दाची कसोटी जिथे लागली ती ठिकाणे गिरणीत, धरणाच्या पायथ्याशी आणि भूसंपादनाच्या नोटिशीत आहेत.

१

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील कापडगिरण्या वाफेवर चालत. वाफेसाठी लागणारा कोळसा मुंबईच्या आसपास कोठेही नव्हता. तो बंगालमधून यायचा, नाहीतर दक्षिण आफ्रिकेसारख्या दूरच्या मुलखातून जहाजाने. म्हणजे गिरणीचा मालक देशी, कापूस देशी, मजूर कोकणातला आणि देशावरचा. पण गिरणीचे चाक फिरवणारी शक्ती मात्र परस्वाधीन. कोळशाचे भाव चढले, जहाजांचे भाडे वाढले की सगळा हिशेब कोलमडे. जोडीला गिरणगावावर पसरणारा धूर होताच.

शहराच्या विजेचा आणि ट्रामचा कारभार तर सरळसरळ विलायती कंपनीच्या हाती होता. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’चे भांडवल व सूत्रे ब्रिटिश होती. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेवरची ट्राम धावू लागली, तिचे मुंबईकरांना अप्रूप वाटले आणि ते स्वाभाविकही होते. याच काळात वंगभंगाच्या निमित्ताने स्वदेशी आणि बहिष्कार या शब्दांनी पुण्या-मुंबईचे वातावरण भारून गेले होते. विलायती कापडाची होळी करून लोक घरी परतत, ते मात्र विलायती कंपनीच्या ट्राममधून! ही विसंगती दाखवून त्या लोकांना हिणवण्याचा येथे हेतू नाही. कापड नाकारता येते, कारण त्याला पर्याय असतो. विजेला तेव्हा पर्याय नव्हता.

हा पर्याय उभा करण्याची कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात पूर्वीपासून होती. कुर्ल्याच्या गिरणीला १८८६ मध्येच ‘स्वदेशी’ असे नाव देणारा हा गृहस्थ होता. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवावा, तो कड्यावरून खाली कोकणात सोडावा आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करून मुंबईला न्यावी, ही योजना मुंबईतील डेव्हिड गॉस्लिंग या वास्तुविशारदाने सुचवली होती. म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रम येथे १९०२ मध्ये कावेरीच्या पाण्यावर वीज निघू लागली होती. तिथे वीजकेंद्र संस्थानचे, पण त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवणारे इंग्रज. मुंबईची योजना निराळी होती. येथे वीज देणारा आणि ती घेणारा असे दोन्हीही मुख्यतः देशीच असणार होते.

जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत वारले. पुढे योजना दोराबजी टाटांनी हाती घेतली. सरकारी परवाना मिळाला, पण भांडवलाचा प्रश्न राहिला. प्रथम ते लंडनच्या बाजारात मागण्यात आले, कारण एवढी रक्कम हिंदुस्थानात उभी राहील यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. लंडनच्या धनिकांच्या अटी परवडणाऱ्या नव्हत्या. अखेर हिंदी भांडवल गोळा करण्याचे ठरले, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीच त्याला उत्तेजन दिले. संस्थानिक, व्यापारी आणि गिरणीमालक यांनी भाग घेतले आणि १९१० च्या नोव्हेंबरात ‘टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी’ नोंदवली गेली. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला याच क्लार्कसाहेबांच्या हस्ते बसली. स्वदेशी विजेच्या पहिल्या धरणाची कोनशिला परक्या राज्यकर्त्याने बसवावी, यातला विरोधाभास आज आपल्याला जाणवतो. तेव्हाच्या समारंभात तो कोणाला खटकला असेल असे वाटत नाही.

१९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पावणेदोन हजार फूट खाली, प्रचंड नळांतून खोपोलीच्या पाणचक्क्यांवर आदळू लागले. तेथून तारांनी वीज परळला आली आणि गिरण्यांच्या यंत्रांना जोडली गेली. पाणचक्क्या, जनित्रे आणि इतर सामग्री बहुतांशी युरोप-अमेरिकेतून आणलेली होती. म्हणजे यंत्र परदेशी, विद्या परदेशी, पण पैसा आणि पाऊस देशी.

२

गिरणीमालकांनी ही वीज का घेतली? ती स्वदेशी होती म्हणून, असे उत्तर द्यायला आपल्याला आवडेल. पण ते पुरेसे नाही. गिरणीमालक भावनेवर व्यवहार करणारा वर्ग नव्हता. वाफेच्या इंजिनांत आणि बॉयलरांत त्यांचा पैसा गुंतलेला होता, तो एकाएकी भंगारात काढणे सोपे नव्हते. शिवाय एकाच कंपनीच्या तारेवर संपूर्ण गिरणी अवलंबून ठेवायची, तर ती तार तुटली की काय करायचे ही भीतीही होती. कोळसा निदान आवारात ढीग करून ठेवता येतो. वीज साठवता येत नाही. तरीही एकेक गिरणी विजेकडे वळली. कोळशाच्या खर्चाशी तुलना करता दर परवडणारा होता, यंत्रांचा वेग एकसारखा राही आणि पुढे महायुद्धामुळे कोळसा व जहाजे दोन्ही दुर्मिळ झाली. स्वदेशीपणाचा आग्रह आणि व्यवहाराचा हिशेब येथे एकाच दिशेने चालले, हे या योजनेचे भाग्य होते.

याच परिसरातले दुसरे उदाहरण जोडीला ठेवले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. लोणावळ्यापासून फार दूर नसलेल्या तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून एकेक पैसा जमवला, टिळकांनी पाठबळ दिले आणि त्यातून हा कारखाना उभा राहिला. या कारखान्याचा मालक कोण, असे विचारले तर पैसा टाकणाऱ्या प्रत्येकाला ‘मी’ असे म्हणता आले असते. वळवणच्या धरणाविषयी तसे कोणाला म्हणता येणे शक्य नव्हते. तळेगाव आणि लोणावळा, एक पैशाची स्वदेशी आणि कोटींच्या भांडवलाची स्वदेशी, या दोन्ही एकाच दशकात, एकाच रेल्वेमार्गावर जन्मल्या. शब्द एकच, पण मालकी या कल्पनेचे दोन अगदी वेगळे अर्थ त्यात सामावलेले होते. मराठी विचारविश्वाने या दोहोंतला फरक तेव्हा फारसा उलगडून पाहिला नाही. तो उलगडण्याची पाळी मुळशीने आणली.

३

खोपोलीच्या यशानंतर टाटांनी आणखी दोन कंपन्या काढल्या. १९१६ मध्ये आंध्र व्हॅली कंपनी निघाली, तिचे भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये चालू झाले. (या ‘आंध्र’चा आंध्र प्रदेशाशी संबंध नाही, ते मावळातील आंद्रा नदीचे इंग्रजी वळणाचे रूप आहे.) १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली. तिची योजना अशी : पुणे जिल्ह्यात मुळशीजवळ नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे आणि ते पाणी बोगद्याने कोकणात भिऱ्याला उतरवून वीज करायची.

मुळशी पेट्यातली पन्नासेक गावे या योजनेत बाधित होणार होती. हा प्रदेश भाताचा. येथील मावळे म्हणजे शिवकालाची साक्ष, असे अभिमानाने सांगण्याची रीत पुण्यात होतीच. भूसंपादन झाले ते १८९४ च्या कायद्याने. त्या कायद्यातला ‘सार्वजनिक हित’ हा शब्दप्रयोग खासगी कंपनीच्या उपयोगी आला. परक्या सरकारचा कायदा, स्वदेशी कंपनीचे भांडवल आणि मावळ्याची जमीन, असा हा त्रिकोण होता.

१९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला. जमीन नाहीतर जीव, अशा अर्थाची घोषणा त्यामागे होती. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, पांडुरंग महादेव बापट ही मंडळी पुढे होती. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती या लढ्यामुळेच. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’च्या एप्रिल १९२१ च्या अंकात मुळशीविषयी लिहून टाटांना पुनर्विचार करण्याची विनंती केली. काही काळ काम थांबले, पुन्हा सुरू झाले. स्त्रियांसह अनेक जण तुरुंगात गेले. बापटांचा मार्ग हळूहळू अहिंसेच्या चौकटीबाहेर सरकला. १९२४ मध्ये बांधकामाची आगगाडी अडवण्याच्या प्रकरणात त्यांना दीर्घ कारावास झाला आणि चळवळ संपली. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच मुळशीला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. या लढ्यातील एक बाब साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. चळवळीचे पुढारी बहुतांशी पुण्याचे, पांढरपेशे आणि राष्ट्रीय वृत्तीचे. त्यांच्यात सरळ दोन तट पडले. एका गटाला जमीन अजिबात द्यायची नव्हती. दुसऱ्याला रास्त मोबदला मिळाला तर तडजोड मान्य होती. याखेरीज जमिनीवरच्या कागदोपत्री मालकीचा प्रश्न होता. मुळशीतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, आणि कसणारा मावळा कूळ होता. मोबदला मिळाला तर तो ज्याच्या नावावर सातबारा त्याला. जो पिढ्यान्‌पिढ्या भात लावत आला, त्याच्या हाती काय? म्हणजे ‘मुळशीची जमीन’ यातली षष्ठीही साधी नव्हती. ती सावकाराची, की कुळाची, की खंडोबा-भैरवाच्या गावाची?

‘टाटा’ या नावाऐवजी येथे एखाद्या विलायती कंपनीचे नाव असते तर काय झाले असते? इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो असे म्हणतात, पण हा प्रश्न टाळून चालत नाही. कंपनी इंग्रजांची असती, तर बहिष्काराची तयार भाषा सत्याग्रह्यांच्या हाती होती. प्रत्येक अग्रलेखाला विशेषणे आयती मिळाली असती. समोर स्वदेशी भांडवल उभे राहिल्यावर ती भाषाच अडखळली. देशाच्या औद्योगिक प्रगतीसाठी काही गावांनी त्याग करावा, हा युक्तिवाद आपल्याच माणसांनी, आपल्याच भाषेत मांडला. स्वातंत्र्यानंतर धरणे ज्या युक्तिवादाच्या बळावर बांधली गेली, त्याचा मसुदा मुळशीत आधीच लिहिला गेला होता असे म्हणावे लागते.

आणि तरीही सत्याग्रह्यांनी एक नवा प्रश्न विचारला. ‘भांडवल कोणाचे?’ या प्रश्नापुढे जाऊन ‘निर्णय कोणाचा?’ हे त्यांनी विचारले. मराठीत हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी विचारला गेला असेल, असे मला वाटत नाही.

४

या कथेला पुढे एक अनपेक्षित वळण मिळाले. १९२९ मध्ये टाटांच्या तिन्ही जलविद्युत कंपन्यांचा व्यवस्थापकीय कारभार पाहण्यासाठी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक एजन्सीज ही संस्था निघाली आणि तिच्यात ‘अमेरिकन अँड फॉरिन पॉवर’ या अमेरिकन कंपनीने निम्मी भागीदारी घेतली. ज्या स्वदेशीसाठी मावळ्याने त्याग करावा असे सांगितले गेले, त्या स्वदेशीच्या कारभारात भिऱ्याचे केंद्र सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच अर्धा वाटा न्यूयॉर्कला गेला. व्यवहार म्हणून त्याला कारणे असतील; भांडवलाची गरज होती, तंत्रज्ञानही हवे होते. परंतु एक गोष्ट यातून उघड होते. स्वदेशी मालकी हा वस्तूचा कायमचा गुण नव्हे. भागभांडवल विकता येते, म्हणून स्वदेशीपणही विकता येतो. धरणाखाली गेलेली भातखाचरे मात्र परत विकत घेता येत नाहीत.

विलायती कंपनीचे काय झाले? ‘बेस्ट’ ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. परकीय मालकीला येथे तिसरे उत्तर मिळाले, ते म्हणजे नागरी मालकीचे. मालक इंग्रज कंपनी नको, देशी शेठही नको, शहरच मालक. पुढे १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांच्या वीजमंडळांचा मार्ग मोकळा केला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे खेड्यापाड्यातले ‘बोर्ड’, अस्तित्वात आले. खासगी टाटा, महापालिकेची बेस्ट आणि सरकारी बोर्ड अशी तिहेरी रचना महाराष्ट्राने दीर्घकाळ पाहिली. बोर्डाचा वायरमन उशिरा येतो म्हणून आपण त्याला पुष्कळ नावे ठेवली. पण गावात खांब रोवला तो त्यानेच. ज्या वाडीत चार दिवे जळणार, तिथे तार नेणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते.

५

१९९२ मध्ये महाराष्ट्राच्या सरकारी बोर्डाने अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार केला आणि जुना प्रश्न नव्या वेषात परतला. १९९३ च्या वीजखरेदी करारात बोर्डाने वीज वापरो वा न वापरो, ठरावीक रकमा देणे बंधनकारक होते. दर डॉलरशी निगडित होता. वाद झाल्यास लवाद लंडनमध्ये. केंद्र सरकारने वर प्रतिहमी दिली. १९१० च्या सुमारास लंडनच्या अटी नाकारणाऱ्या दोराबजींची आठवण येथे कोणालाही व्हावी.

स्वदेशीची भाषा पुन्हा जागी झाली. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना झाल्या. सत्ता बदलली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, आणि पुढे त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून तो पुन्हा उभा केला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ती बोर्डाला परवडेना. २००१ च्या मे महिन्यात खरेदी थांबली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला.

या प्रकरणात परकीय मालकीचा धोका जेवढा स्पष्ट दिसला तेवढा क्वचितच दिसतो. तरीसुद्धा एक निरीक्षण नोंदवायला हवे. गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर, रानवी येथल्या लोकांनी आंदोलन केले, अटका सोसल्या. त्यांचे प्रश्न जमिनीचे, पाण्याचे, मासेमारीचे होते. व्यासपीठावरची भाषा मात्र मुख्यतः ‘परदेशी कंपनी’ची होती. परदेशीपणाचा मुद्दा फेरवाटाघाटीत मिटवता आला. गावाचा मुद्दा तसाच राहिला. मुळशीत स्वदेशी या शब्दाने गावाचा प्रश्न झाकला होता. दाभोळमध्ये त्याच शब्दाने तो काही काळ उचलून धरला आणि मग मधेच सोडून दिला.

६

तर मग देशी पुरवठादार निवडावा की नाही? माझे उत्तर ‘निवडावा’ असेच आहे, आणि कारणे भावनेची नाहीत. नफा येथे राहतो, करार येथल्या कायद्याने चालतो, दर ठरवणाऱ्यापुढे येथल्या माणसाला उभे राहता येते. दाभोळच्या अनुभवानंतर या गोष्टी कोणी हलक्या मानू नयेत. पण ‘देशी’ एवढे म्हटले की विचार संपतो, ही समजूत मुळशीच्या इतिहासापुढे टिकत नाही. मालक आपला असला तरी त्याला प्रश्न विचारण्याचा आपला हक्क कमी होत नाही. उलट तो आपला आहे म्हणूनच तो हक्क अधिक निःसंकोचपणे बजावता यायला हवा.

२००९ मध्ये वीज नियामक आयोगाच्या आदेशाने मुंबईच्या उपनगरांतील घरगुती ग्राहकाला, तारा एका कंपनीच्या ठेवून वीज दुसऱ्या कंपनीकडून घेण्याची मुभा मिळाली. रिलायन्स आणि टाटा या दोन्ही कंपन्या देशी. सामान्य माणसाने प्रथमच पुरवठादार निवडला, आणि तो अर्थातच दर पाहून निवडला. त्यात गैर काही नाही; महिन्याचे बिल त्यालाच भरायचे असते. मात्र भिऱ्याची पाणचक्की फिरवणारे पाणी मुळात पूर्ववाहिनी मुळा-नीलांचे, म्हणजे भीमा खोऱ्याचे आहे, आणि ते घाटाखाली कुंडलिकेत जाते, हे त्या बिलावर कोठे छापलेले नसते. ग्राहकाला पुरवठादार निवडता येतो. मुळशीच्या मावळ्याला १९२१ मध्ये काय निवडता आले, हा प्रश्न शंभर वर्षे उलटूनही आपल्या अभ्यासक्रमात नाही.

आपण वर्गात स्वदेशीच्या चळवळीवर टिपणे देतो, तिच्या प्रभावातून जन्मलेल्या कवितेवर व निबंधावर प्रश्न काढतो. त्या टिपणांत मुळशीचे एखादे पान घालायला हरकत नसावी. ‘आपले’ या सर्वनामाचा अर्थ त्या पानाशिवाय पुरता कळत नाही.